दाराआडून दिलेला शब्द

माझ्या शिकवणीत एकच नियम आहे. प्रोग्राम मध्येच थांबला तर कीबोर्डला हात लावायचा नाही. आधी दहा श्वास मोजायचे. मुलं कुरकुरतात. "आजी, हँग झालाय तो." झाला असेल, मी म्हणते, तू मोज. मग ती भराभर, श्वास न घेताच दहापर्यंत मोजतात आणि मी ऐकून न ऐकल्यासारखं करते.

दोन वर्षांपूर्वीपर्यंत हा नियम नव्हता. उलट सगळ्यांत आधी बटण दाबणारी मीच. कोणी बोलता बोलता थांबलं की त्याचं वाक्य पुरं करून द्यायचं, ही माझी जुनी खोड, आणि त्या खोडीलाच मी हुशारी समजत आले. चौदा वर्षांची असताना तर माझ्याइतकं हुशार काशीत कोणी नव्हतं. निदान मला भेटलं नव्हतं. त्या पोरीबद्दल मला बरंच वाईट लिहायचं आहे. ती मीच असल्यामुळे कोणाची हरकत यायची नाही.

शिकवणी भरते दूधविनायकात, आमच्या घराच्या पुढच्या खोलीत. एक सतरंजी, दोन लॅपटॉप (त्यांतल्या एकाचं एक बटण माकडानं उपटून नेलेलं) आणि पाच मुलं. नात माझ्याकडेच राहते. मुलगा-सून बँकेत, दर तीन वर्षांनी नवं गाव, म्हणून पोरीची शाळा इथे. तेव्हा ती बारा वर्षांची होती. तिची मैत्रीण बालाजी घाटावरच्या नावाड्याची मुलगी, तिच्याहून वर्षानं मोठी. बाकीची तिघं गल्लीतलीच. मन लागलं तर येतात, नाहीतर पतंगामागे जातात. मी शिकवते मराठीत, नात उत्तर देते अर्ध्या हिंदीत, तिची मैत्रीण पूर्ण हिंदीत, आणि कम्प्युटरला यांतलं काहीच कळत नाही, म्हणून भांडण होत नाही.

जन्मभर मी कॉलेजात हाच विषय शिकवला. स्वतः शिकत होते तेव्हा प्रोग्राम म्हणजे भोकं पाडलेल्या कार्डांचा गठ्ठा असायचा. सायकलरिक्षात बसून तो छातीशी असा धरायचे, की बघणाऱ्याला वाटावं पोरीच्या मांडीवर तान्हं मूल आहे. त्या तोऱ्यात एकदा रिक्षा खड्ड्यात गेली आणि दोनशे कार्डं चिखलात पडली, ते वेगळं.

लोक म्हणतात, लहान मुलांना पडद्यावर मांजर हलवायला शिकवा, बस झालं. मला ते पटत नाही. ज्या पोराला मांजाची ढील कळते त्याला काहीही कळतं. म्हणून मी मोठ्या गोष्टीच आधी काढते. निरोप वाटेत बिघडला हे ऐकणाऱ्याला कसं कळावं. एकाच ठिकाणी उभी असलेली दोन यंत्रं पुढच्या पावलाला वेगळीकडे का जातात. आणि सगळ्यांत जुना गुंता: बाहेरून नुसतं बघून, हा प्रोग्राम कायमचा अडकलाय की आत अजून काम करतोय, हे प्रत्येक वेळी सांगता येईल का. याचं उत्तर "नाही" असं आहे, आणि ते सिद्ध झालेलं आहे. मुलांना हे फार आवडतं. मोठ्यांनाही न येणारी गोष्ट आहे म्हटल्यावर त्यांना बरं वाटतं.

त्या वर्षी नवरात्र सरल्यावर आम्ही चुका पकडायला शिकत होतो. एका मुलीला गच्चीवर चढवलं, दुसरीला गल्लीच्या तोंडाशी उभं केलं. मध्ये स्कूटरचे भोंगे, कचोरीच्या कढईचा चरचराट आणि सांडाला हाकलणारा दुकानदार. निरोप धड पोचेना. मग मी सांगितलं, नुसतं सरळ ओरडू नका. शब्द पुढून सांगा, मागून सांगा, पुन्हा पुढून सांगा. म्हणजे एक शब्द बिघडला तर बाकीचे त्याची चुगली करतील.

तिसऱ्या खेपेला निरोप बरोबर पोचला. नात धापा टाकत खाली आली. "आजी, ही आयडिया कोणाची?"

"तुझ्या पणजोबांची. म्हणजे त्यांच्याही फार आधीच्या लोकांची."

एवढं बोलले, आणि भुताला मीच पाट मांडला.

माझे वडील, अण्णा, घनपाठी होते. आमच्याकडचं वेदपठण कागदावर नव्हे, तोंडात राखलेलं. आणि एक अक्षर इकडचं तिकडे होऊ नये म्हणून शब्द वेगवेगळ्या चालींनी उलटसुलट म्हणायचे. मुलांसाठी मी फळ्यावर शब्दांच्या जागी आकडे लिहिले. सोपी चाल जटेची: एक दोन, दोन एक, एक दोन. झाली फेरी, पुढची फेरी दोनपासून. अवघड चाल घनाची: एक दोन, दोन एक, एक दोन तीन, तीन दोन एक, एक दोन तीन. मग पुढची फेरी दोनपासून. अशी शेकडो पानं, पोथी न उघडता.

मुलांनी दोन दिवसांत प्रोग्राम लिहिला. आकड्यांची रांग द्यायची. चाल कुठे मोडली ते तो सांगणार. आता तपासायला खरी रांग हवी होती.

ती दिवाळीच्या सफाईत सापडली. अण्णांच्या ट्रंकेत, त्यांच्या उपरण्यात गुंडाळलेली एक कॅसेट. मी ती ओळखली. माझ्या भावाच्या परीक्षेच्या दिवशी एक संशोधक भलंमोठं स्पूलचं यंत्र घेऊन आले होते. बऱ्याच वर्षांनी त्यांनी आठवणीनं ही नक्कल धाडली. घरात ती कधी वाजली नाही. अण्णांनी वाजवली नाही, दादानं मागितली नाही, आणि मला त्यात काय आहे ते पाठ होतं.

"हा घ्या तुमच्यासाठी तयार माल," मी मुलांना म्हटलं. "दादाआजोबांचा घनपाठ. यात एक चूकही आहे, रेडिमेड. पकडून दाखवा."

मग मी त्यांना ती गोष्ट सांगितली, जशी मी लग्नांत, हळदीकुंकवात, कॉलेजच्या स्टाफरूममध्ये पन्नास वर्षं सांगत आले. दादा सतरा वर्षांचा. गणपतीच्या देवळामागच्या खोलीत परीक्षा. बाहेरून आलेले तीन घनपाठी, अण्णा, आणि समोर दादा. अण्णांचाच नियम असा, की अडखळला की संपलं. त्या मुलानं पुन्हा बसायचं नाही. मी ताकाचं तबक घेऊन नुकतीच अर्धवट लोटलेल्या दाराआड येऊन उभी. मुलींना हे शिकवत नसत, पण अण्णांची शिकवणी भिंतीपलीकडेच चालायची आणि माझे कान कोणी झाकले नव्हते. दादा छान म्हणत होता. एक फेरी संपली आणि तो थांबला. पुढचं आठवेना. मी दाराआडून हळूच पुढचा शब्द दिला. तरी त्याला उचलता आला नाही. तो गप्प, सगळे गप्प, मग तो उठला. पुढे रेल्वेत लागला, मुगलसरायला. मी मुलगा असते तर आज घनपाठी असते, इथे माझी गोष्ट संपायची आणि बायका हसायच्या.

दादा अजून आहे. गंगेपलीकडे रेल्वेच्या लोकांच्या वसाहतीत त्यानं घर बांधलं. दर भाऊबीजेला येतो, आणि त्याला ओवाळताना दर वर्षी मी विचारते, "काय दादा, पुढचं आठवलं का?" तो हसतो आणि तबकात एक शाईचं पेन ठेवतो. माझ्याकडे खोकंभर पेनं आहेत.

गल्लीच्या तोंडाशी मोबाइल दुरुस्त करणारा बसतो. त्यानं कॅसेट लॅपटॉपवर उतरवून दिली. दोघी मुली एकेक इअरफोन वाटून घेऊन बसल्या. अण्णांच्या पोथीवरून मी त्यांना शब्दांना आकडे घालून दिले होते. ऐकायचं, ओळखायचं, आकडा टाइप करायचा. एकाही शब्दाचा अर्थ त्यांना कळत नव्हता आणि तेच बरं होतं. अर्थ कळणारा माणूस ऐकत नाही. पुढचं आपल्या मनचंच म्हणून मोकळा होतो.

कधी इअरफोन काढून त्या आवाज खोलीत सोडायच्या. मग मी स्वयंपाकघरात असले तरी सतरा वर्षांचा दादा पुढच्या खोलीत बसलेला असायचा. आवाज फुटून नुकताच बसलेला, वरच्या सुराला किंचित खरखरणारा. मागे देवळाची घंटा. एक कावळा, जो आता कुठल्याच अर्थानं उरलेला नाही. एकदा तरकारी चिरत होते आणि टेपवर अण्णा खाकरले. मी विळी सोडून उभी राहिले. गुडघे दुखतात, देवासमोरही मी बसूनच नमस्कार करते. पण उभी राहिले, आणि खाकरणं विरून गेलं तरी बराच वेळ बसायचं सुचलं नाही.

चौथ्या दिवशी नावाड्याच्या मुलीनं कानातलं काढलं आणि माझ्याकडे पाहिलं.

"दादी, इसमें कोई और भी है."

पडद्यावर आवाजाचं चित्र होतं, डोंगरांच्या रांगेसारखं. दादाचे डोंगर, मग एकदम सपाट मैदान, आणि मैदानाच्या सुरुवातीलाच एक छोटा उंचवटा. तिनं तो मोठा करून वाजवला. एक कुजबुज. बाईची नव्हे, पोरीची, घाईची, भरवशाची. गल्लीतली तिघं चटकन उठून बाहेर पळाली आणि संध्याकाळपर्यंत आमच्या कॅसेटमध्ये चुडैल आहे हे गल्लीभर झालं.

"आजी, कोण आहे ती?" नातीनं विचारलं. तिचाही हात मैत्रिणीच्या दंडावर होता.

"चुडैलच आहे," मी म्हटलं. "मी ओळखते तिला."

दोघी हसल्या. मीही हसले. मग नावाड्याच्या मुलीनं कुजबुजीचाही आकडा घालून प्रोग्राम चालवला. मैदानाशी येऊन तो चूक दाखवून थांबला.

"बघा," मी म्हटलं, "इथेच विसरला तो."

"नहीं दादी. उनका तो सब सही है." तिनं पडद्यावर बोट ठेवलं. "गलत ये वाली है."

मी म्हटलं, तुमचा प्रोग्राम चुकलाय.

मास्तराचं हे पहिलं शस्त्र, आणि बहुतेक वेळा लागू पडतं. त्यांनी पुन्हा तपासला. मी म्हटलं, आकडे चुकलेत. त्यांनी आकडे पुन्हा ऐकून टाकले. मी म्हटलं, चालच चुकीची लिहिलीत. ती मीच फळ्यावर लिहिली होती, हे नातीनं सांगितलं नाही. फळ्याकडे मात्र पाहिलं. तीन दिवस मी दोन पोरींना नाचवलं. चौदाव्या वर्षी अंगात होतं ते सदुसष्टाव्या वर्षी जागच्या जागी होतं, नुसते केस पांढरे झाले होते.

शेवटी मी म्हटलं, चला घाटावर, पायांनी करून दाखवते.

पूर उतरून गेला होता आणि खालच्या पायऱ्यांवर अजून गाळ होता, वर सुकलेला, आत मऊ. सकाळची वेळ. पाण्याच्या पाइपानं गाळ धुणारे लोक अजून पलीकडच्या घाटावर होते. नातीनं काडीनं तीन पायऱ्यांवर आकडे काढले. एक, दोन, तीन. मी चप्पल काढली. नावाड्याच्या मुलीनं न सांगता माझं कोपर धरलं.

"दादाआजोबा म्हणतात तसं चाल," नात म्हणाली आणि मोबाइलवर तेवढाच तुकडा लावला.

एक, दोन. मी उतरले. दोन, एक. चढले. एक, दोन. पुन्हा उतरले आणि दुसऱ्या पायरीवर आले, आणि दादाचा आवाज थांबला. छाती भरून हवा आत घेतल्याचा आवाज आला. आणि मग ती पोर कुजबुजली.

माझा उजवा पाय हवेत होता. माझी फेरी संपली होती. एक दोन, दोन एक, एक दोन. आता वळायचं आणि दोनपासून नवी फेरी. पाय आपणहून जागच्या जागी परत पडला, दोनवरच.

"आजी, ये तो जटा हो गया," नात हळू म्हणाली. "घनात इथून तीनवर जायचं."

गाळात माझीच पावलं उमटली होती. दुसऱ्या पायरीवर एक खोल ठसा, त्यावर आणखी एक. तिसरी पायरी कोरी.

अण्णा सकाळी लहान मुलांना जटा शिकवायचे. घन शिकवायचे दुपारी. दुपारी मी शाळेत असायची.

एवढं साधं होतं. त्या दिवसापर्यंत मी जन्मात पूर्ण घन ऐकलेला नव्हता, त्याची चाल फार पुढे पुस्तकातून कळली. भिंतीला कान लावून मी अर्धी विद्या चोरली होती आणि उरलेली अर्धीही तशीच असणार असं धरून चालले होते. जटा आणि घन त्या जागेपर्यंत शब्दाला शब्द सारखे. दोघे त्याच पायरीवर उभे. पुढचं पाऊल वेगळं, आणि ते कोणतं हे आधी कुठून आलात त्यावर ठरतं. हेच मी तीस वर्षं परीक्षेला विचारलं होतं. दादा विसरला नव्हता. फेरी संपवून थांबलाही नव्हता. फेरीच्या मधोमध श्वास घेत होता. माझ्या आठवणीनं त्या पोरीच्या सोयीसाठी सगळी खोली जरा पुढे सरकवून ठेवली होती.

आणि वर पन्नास वर्षं, हातात निरांजन घेऊन: पुढचं आठवलं का.

मी पायरीवरच बसले. लुगडं गाळानं भरलं. नावाड्याची मुलगी लोटाभर पाणी आणून पाय धुऊ लागली आणि नातीनं विचारलं, "दादाआजोबांना ऐकवायचं ना भाऊबीजेला? मी त्यांना फोनवर सांगितलंय, सरप्राइज आहे."

त्या आठ दिवसांत मला प्रत्येक गोष्ट थांबायच्या आधीची जागा ऐकू यायला लागली. कुकरच्या दोन शिट्यांमधली. बत्ती गेल्यावर पंखा फिरत राहतो ती. कोणी जिना चढताना मध्ये दम खायला थांबलं की मला वाटे, आता दाराआडून कोणीतरी बोलणार. बोलली कोणी नाही. ती माझ्या आतच होती.

एका दुपारी मुली नसताना मी लॅपटॉप उघडला. फाइल पुसायला एक बटण लागतं. पुसली. संध्याकाळी नातीनं सहज सांगितलं, "आजी, ती फाइल चुकून उडाली होती, मी परत टाकली. पेनड्राइव्हवर आहे, हिच्या मोबाइलवर आहे, आणि मोबाइलवाल्या भैयाकडे पण आहे. तूच म्हणतेस ना, तीन ठिकाणी ठेवायचं."

चांगलं शिकवल्याचं प्रायश्चित्त लगेच मिळतं.

भाऊबीजेला दादा आला तो नेहमीसारखा, पुलावरून ऑटो करून, कानात मशीन, खिशात पेन. सत्तर वर्षांचा, पाठ अजून ताठ. मांडी घालून बसला की अण्णाच. मी त्याला कुंकू लावलं, अक्षता टाकल्या, सुपारी ओवाळली, निरांजन उचललं. एरवी इथेच मी विचारायची. तो माझ्याकडे बघत राहिला.

"आज विचारत नाहीस?"

निरांजन माझ्या हातात लपलपत होतं. दोघी मुली दाराशी उभ्या होत्या.

"दादा, तू विसरला नव्हतास."

त्यानं कानातलं मशीन नीट बसवलं.

"मी चुकीचा शब्द दिला. मला नुसती जटा येत होती. मी जन्मभर लोकांना सांगत आले की..." पुढचं मला म्हणता येईना. आणि गंमत अशी, की माझं वाक्य कोणी पुरं करून दिलं नाही.

"तबक ठेव खाली," दादा म्हणाला. "तेल सांडेल."

मुलींनी तुकडा लावला. दादानं डोळे मिटले. त्याच्या उजव्या हाताचा अंगठा बोटांच्या पेरांवर फिरायला लागला, पहिलं, दुसरं, दुसरं, पहिलं. श्वासाशी आल्यावर त्यानं बोट वर केलं. नातीनं थांबवलं.

"अण्णा रोज म्हणायचे," तो म्हणाला, "तुझा श्वास फार लांब आहे रे, मध्ये कोणीतरी घुसेल."

"मग पुढे का नाही म्हटलास? तुला येत होतं."

"येत होतं."

"माझ्यासाठी गप्प बसलास? तू बरोबर म्हटलं असतंस तर चुकीचं कोण बोललं हे सगळ्यांनी दार उघडून पाहिलं असतं. अण्णांनी माझी शाळा बंद केली असती."

दादा हसायला लागला. अगदी डोळ्यांत पाणी येईपर्यंत. "अगं, तू लहानपणापासून अशीच. चूक केलीस तर तीही गावातली सगळ्यांत मोठी पाहिजे." त्यानं करंजी उचलली. "मला नव्हतं व्हायचं घनपाठी. मला इंजिनं बघायची होती. तू दार जरा उघडलंस, मी त्यातून निघालो. सुटलो म्हण. आता या पोरींना काहीतरी खायला दे, केव्हाच्या माझ्या करंजीकडे बघतायत."

असं त्यानं पन्नास वर्षांचं माझं भूत दोन घासांत खाऊन टाकलं. पेन तबकात ठेवलं. मुलींकडून प्रोग्राम समजावून घेतला, आगगाडीच्या सिग्नलांचं त्याहून अवघड असतं म्हणून त्यांना चिडवलं, आणि दिवस कलायच्या आत घरी गेला. मला हलकं वाटत होतं. खोटं कशाला सांगू, थोडं वाईटही वाटत होतं, की मी इतकी महत्त्वाची नव्हते.

पंचगंगा घाटाच्या बाजूला बांबूंवर आकाशदिवे चढत होते. मी गच्चीवर वाळत घातलेले कपडे काढत होते. दोघी वर आल्या. एकमेकींना कोपरानं ढोसत होत्या.

"आजी, एक गोष्ट राहिली," नात म्हणाली. "त्यांच्यासमोर नाही सांगितली."

"काय?"

नावाड्याच्या मुलीनं मोबाइल पुढे केला. "वो जो चुप वाला हिस्सा है ना, ग्यारह सेकंड का. हमने उसकी आवाज़ बढ़ाई."

मी कपडे खांद्यावर घेऊन कानाशी मोबाइल धरला. आधी समुद्रासारखी सरसर. त्यात माझी कुजबुज, आता आरोळीएवढी मोठी. मग पुन्हा सरसर. आणि तिच्या तळाशी, कंठ न लावता, नुसत्या ओठांनी आणि हवेनं, दादा. तीन. तीन दोन एक. एक दोन तीन. एक शब्द न चुकता फेरी पुरी केलेली. मग पाट सरकल्याचा आवाज, तो उठला त्याचा.

सगळ्यांना तो थांबलेला दिसत होता. तो चालूच होता.

कपडे खाली पडले होते, नातीनं उचलले. मी मोबाइल तिच्या हातात परत दिला. मग मी विचारलं, "त्याच्यासमोर का नाही वाजवलंत?"

मुलीनं ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं. "वो कह रहे थे ना, कि उन्हें तो रेल ही चाहिए थी." आणि थोडं थांबून, "कह लेने दिया."

तेरा वर्षांची होती ती. तिच्या जागी मी असते तर त्याच्या तोंडातली करंजी संपायच्या आत वाजवलं असतं, आणि वर त्याच्याकडे बघत उभी राहिले असते, शाबासकीसाठी.

त्यानं माझ्यासाठी आवाज गिळला की स्वतःसाठी, की तेव्हा त्यालाही ठाऊक नव्हतं, हे त्या अकरा सेकंदांत नाही. मी कितीदा ऐकलं. बाहेरून ऐकून ते सांगता येत नाही. मुलींनीही यावर काही प्रोग्राम लिहायची गोष्ट काढली नाही. दहा श्वासांचा नियम मी दुसऱ्या दिवशी फळ्यावर लिहिला. कारण कोणी विचारलं नाही.

गेल्या भाऊबीजेला दादा आला. गुडघ्यानं त्रास द्यायला लागलाय, पाटावर बसताना त्यानं नातीचा खांदा धरला. मी कुंकू लावलं, अक्षता टाकल्या, सुपारी ओवाळली, निरांजन उचललं आणि गप्प राहिले.

"विचार की," तो म्हणाला. "त्याशिवाय दिवाळी संपल्यासारखी वाटत नाही."

मी जुन्याच सुरात विचारलं. "काय दादा, पुढचं आठवलं का?"

त्यानं हसायला तोंड उघडलं आणि हसला नाही. छाती भरून श्वास घेतला. तोच श्वास, लांब, कोणीही घुसावं इतका. डोळे मिटले. ओठ अगदी थोडे हलले, की निरांजनाचा उजेड त्यांच्यावर हलला, मला सांगता येणार नाही. तबक जड होतं. माझे हात भरून आले. दाराशी दोन्ही मुली श्वास मोजत उभ्या होत्या.

पुढचा शब्द मला आता येतो. मी तो दिला नाही.